स्वच्छ पाणी, शुद्ध पाणी

(शहरात राहणाऱ्या माणसाला पाण्यासाठी नदीवर जावे लागत नाही. नळ उघडला की पाणी येते. पण हे पाणी कोठून येते, वाटेत त्याचे काय होते आणि ते पिण्यास योग्य आहे हे कसे ठरवतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुंबईतील एका मोहल्ल्यात राहणारी विद्यार्थिनी या पाठात आपल्या घरी आणि वर्गात घडलेली हकिकत सांगत आहे.)

आमच्या घरात पाणी भरायचे काम पहाटे सुरू होते. पहाटे चार वाजता नळाला पाणी येते आणि साडेसहाला जाते. तेवढ्या वेळात हंडे, बादल्या आणि पिंप भरून घ्यावे लागतात. दादी पहिला पेला खिडकीतल्या उजेडासमोर धरत आणि म्हणत, "पाहा, कसे काचेसारखे पाणी आहे!" मग तोच पेला त्या पीत.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ सहावीत होता. एके दिवशी त्याची भूक गेली. दोन दिवस उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी अम्मींनी त्याचे डोळे पाहिले, तर ते हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "कावीळ आहे. त्याला विश्रांती द्या आणि घरातले सगळे जण पाणी उकळून प्या."

दादींना हे पटले नाही. "आमचे पाणी तर काचेसारखे आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या सरांना सांगितली. सरांनी वर्गाला विचारले, "या महिन्यात कोणाच्या घरी किंवा शेजारी कावीळ झाली आहे?" चार-पाच हात वर झाले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर आमच्या गल्लीचा नकाशा काढला. आठ इमारतींचे आठ चौकोन काढले. ज्या इमारतीत रुग्ण होता, त्या चौकोनात त्यांनी एकेक टिंब दिले. आमच्या इमारतीत पाच टिंबे झाली. समोरच्या इमारतीत दोन झाली. बाकीचे सहा चौकोन कोरेच राहिले.

"असाच एक नकाशा लंडन शहरात काढला गेला होता," सर म्हणाले. "त्याची गोष्ट आधी ऐका."

सरांनी सांगितलेली गोष्ट अशी. 1854 साली लंडनमधील सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांना वाटे की, पटकी दूषित हवेमुळे होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघरी चौकशी केली आणि कोठे किती माणसे मरण पावली, हे नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती मृत्यूंची गर्दी दिसत होती.

पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. पंपाजवळच गरिबांसाठी चालवलेले एक आश्रयगृह होते. तेथे पाचशेहून अधिक माणसे राहत होती. त्यांपैकी फक्त पाच जण दगावले. उलट, तेथून कितीतरी दूर हॅम्पस्टेड भागात राहणारी एक वृद्ध स्त्री मात्र पटकीने मरण पावली. स्नो यांनी दोन्हींचा छडा लावला. आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. तेथील लोक पंपाचे पाणी पीत नव्हते. आणि त्या वृद्ध स्त्रीला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव फार आवडे, म्हणून ती तेथून मुद्दाम बाटलीतून पाणी मागवत असे!

8 सप्टेंबर 1854 रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तोपर्यंत बरेच लोक भीतीने घर सोडून गेले होते आणि साथही ओसरू लागली होती. पण स्नो यांनी दाखवलेली वाट खरी ठरली. पुढे 1883-84 मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी इजिप्त आणि कोलकाता येथे अभ्यास करून पटकीचे जंतू ओळखले.

"आता सांगा," सर म्हणाले, "त्या पंपाचे पाणी चवीला कसे होते?"

"चांगले होते," आम्ही म्हणालो.

"मग लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी डोळ्यांना दिसते. शुद्ध पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते तपासावे लागते."

माझ्या मनात मात्र एकच विचार घोळत होता. समोरच्या इमारतीत दोन टिंबे का? मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, समोरच्या इमारतीतली ती दोन्ही मुले रोज संध्याकाळी आमच्या तळमजल्यावर अरबी शिकायला येतात. तहान लागली की तिथलेच पाणी पितात."

सरांनी त्या दोन टिंबांपासून आमच्या इमारतीपर्यंत एक रेघ ओढली.

"म्हणजे सर, आपल्या तलावाचे पाणीच खराब आहे का?" एका मुलाने विचारले.

"तसे असते, तर आठही चौकोनांत टिंबे दिसली असती," सर म्हणाले. मग त्यांनी आम्हांला मुंबईच्या पाण्याचा प्रवास समजावून सांगितला.

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. विहार आणि तुळशी हे दोन तलाव शहरातच, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. विहार तलाव 1860 साली पूर्ण झाला. त्यापूर्वी लोक विहिरींचे आणि लहान तलावांचे पाणी पीत. धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावे आजही त्या काळाची आठवण देतात. तेथे आता पाण्याचा थेंब नाही, फक्त रस्ते आणि इमारती आहेत. शहर वाढत गेले, तसे पाणी दुरून आणावे लागले. तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि 2014 साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा हे जलाशय ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. तेथून मोठमोठ्या जलवाहिन्यांतून पाणी येते.

हे पाणी सरळ आपल्या घरी येत नाही. त्यातील बहुतेक पाणी आधी भांडुप आणि पांजरापूर येथील शुद्धीकरण केंद्रांत जाते. तेथे पाण्यात तुरटीसारखे द्रव्य मिसळतात. तुरटीला आपण घरी फिटकरी म्हणतो. तिच्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनमुळे जंतू मरतात. पुढे हे पाणी टेकड्यांवरच्या जलाशयांत साठवतात आणि तेथून वस्त्यांना सोडतात. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये आपण फिरायला जातो ना? त्या बागेखाली असाच एक मोठा जलाशय आहे.

"पाणी शुद्ध झाले, हे कोण ठरवते?" मी विचारले.

सरांनी सांगितले की, त्यासाठी मानके ठरलेली आहेत. मानक म्हणजे ठरवून दिलेले माप. आपल्या देशात भारतीय मानक संस्थेने 1983 साली पिण्याच्या पाण्याचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक 10500 असा आहे. 1991 आणि 2012 साली त्यात सुधारणा झाल्या. सरांनी त्यातील काही मापे फळ्यावर लिहून दिली :

विरघळलेले क्षार : एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत.
नायट्रेट : एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.
फ्लोराइड : 1 मिलिग्रॅमपर्यंत, दुसरे पाणी मिळतच नसेल, तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत.
शिसे : 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.
शिल्लक क्लोरीन : निदान 0.2 मिलिग्रॅम हवा.
ई. कोलाय जंतू : 100 मिलिलिटर पाण्यात एकही नको.

प्रत्येक आकड्यामागे माणसाचे आरोग्य आहे. शेतातील खते आणि सांडपाणी यांतून नायट्रेट पाण्यात उतरते. ते जास्त झाले, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. फ्लोराइड खडकांतून भूजलात येते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत हा त्रास आहे. फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही दुखावतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवते. म्हणूनच त्याची मर्यादा इतकी कडक आहे. एका लिटरमध्ये 0.01 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे दहा कोटी भागांत एक भाग!

शिसे पाण्यात येते तरी कोठून? अनेकदा जुन्या नळ्यांतूनच येते. अमेरिकेतील फ्लिंट शहरात 2014 साली पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. नळ्या झिजू नयेत म्हणून पाण्यात जे द्रव्य मिसळायला हवे होते, ते मिसळले गेले नाही. त्यामुळे जुन्या नळ्यांतील शिसे पाण्यात उतरू लागले. लोक तक्रारी करत होते आणि अधिकारी पाणी चांगले असल्याचे सांगत होते. शेवटी 2015 साली मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडेच लोकांपुढे ठेवले. मग मात्र शहराला पूर्वीचे पाणी पुन्हा सुरू करावे लागले.

"आणि ई. कोलाय म्हणजे काय, सर?"

"हे जंतू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहतात. ते पाण्यात सापडले, तर समजावे की, कोठेतरी मैला पाण्यात मिसळला आहे. जिथे मैला पोहोचला, तिथे पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतूही पोहोचू शकतात. म्हणून त्यांचे माप शून्य आहे."

दोन दिवसांनी सरांनी आरोग्य केंद्रातील एका सेवकाला सोबत आणले. त्यांच्या पेटीत ओ. टी. नावाच्या द्रावणाची बाटली होती. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात या द्रावणाचे थेंब टाकले की, पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्यास पिवळा रंग येतो. पहाटे पाणी आल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर आठही इमारतींत गेलो. सात ठिकाणी पाणी पिवळे झाले. आमच्या इमारतीत मात्र थेंब टाकल्यावरही पाणी तसेच राहिले, अगदी काचेसारखे. तपासलेले पाणी सेवकाने लगेच ओतून दिले.

"तुमच्या पाण्यातला क्लोरीन वाटेतच घाणीशी लढून संपला आहे," ते म्हणाले.

मग आम्ही मुख्य जलवाहिनीपासून आमच्या इमारतीकडे येणारी नळी पाहत गेलो. ती जुनी लोखंडी नळी थेट गटारातून आली होती. एका जोडावर ती गंजून फुटली होती. तेथून पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती.

"पण सर, पाणी तर बाहेर येत आहे. घाण आत कशी जाईल?" एका मैत्रिणीने विचारले.

"आता नळीत दाब आहे, म्हणून पाणी बाहेर येते," सर म्हणाले. "साडेसहाला पाणी गेले की नळी रिकामी होते. मग त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत झिरपते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरात येते. त्यातून कोणी नळाला मोटार लावली असेल, तर विचारूच नका. मोटार नळीतून जोराने पाणी ओढते. भेगेजवळचे सांडपाणीही त्याबरोबर ओढले जाते."

मी खाली मान घातली. आमच्याच घरी मोटार होती. पाणी वरच्या मजल्यावर जोराने येत नाही, म्हणून अब्बांनी ती गेल्या वर्षी बसवली होती. मोटार सुरू झाली की, दादी रोज पहिला पेला भरत. आणि तेच पाणी माझा भाऊ शाळेत डब्याबरोबर नेत असे.

त्या रात्री मी अब्बांना सारे सांगितले. मला वाटले होते, ते रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग आत जाऊन झोपलेल्या माझ्या भावाच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार काढून ठेवली आणि इमारतीतील सगळ्यांना आमच्या घरी बोलावले. ते सर्वांसमोर म्हणाले, "मोटार माझ्या घरी होती. चूक माझी आहे. आणखी कोणाकडे असेल, तर त्यांनीही काढावी." तीन घरांतून मोटारी निघाल्या.

आम्ही मुलांनी पाणी खात्याला मराठीतून अर्ज लिहिला. मराठीच्या टीचरनी तो तपासून दिला. अर्जात आम्ही गल्लीचा नकाशा जोडला आणि कोणत्या तारखेला कोणत्या इमारतीत क्लोरीन आढळला नाही, तेही लिहिले. खात्याचे कर्मचारी आले आणि पाण्याचे नमुने घेऊन गेले. अहवालात ई. कोलाय जंतू आढळल्याचे लिहिले होते. मुख्य जलवाहिनीपासून इमारतीपर्यंतची नळी रहिवाशांची होती, म्हणून ती बदलण्याचा खर्चही रहिवाशांचाच होता. सगळ्यांनी वर्गणी काढली. नवी नळी गटाराबाहेरून, भिंतीला धरून उंचावरून आणली. वरच्या मजल्यांसाठी तळाशी झाकणाची टाकी बांधली. मोटार आता नळाला नव्हे, तर टाकीला आहे. टाकी आम्ही ठरावीक दिवसांनी रिकामी करून धुतो.

काविळीचे जंतू पोटात गेल्यावर आजार दिसायला काही आठवडे लागतात. त्यामुळे नळी बदलल्यानंतरही एक रुग्ण आढळला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक भाभी गरोदर होत्या. गरोदर स्त्रियांना एका प्रकारची कावीळ फार धोक्याची असते. त्यामुळे सगळ्यांना त्यांची काळजी वाटत होती. त्या महिन्यात सर्व घरांत पाणी खळखळून उकळून, झाकून, थंड करून पिण्यात आले. भाभी सुखरूप राहिल्या. माझा भाऊही सहा आठवड्यांनी पुन्हा शाळेत येऊ लागला.

सरांनी आम्हांला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. पाणी उकळल्याने जंतू मरतात. पण नायट्रेट, फ्लोराइड किंवा शिसे जात नाही. तुरटीने गाळ बसतो. पण सगळे जंतू मरत नाहीत. कापडाने गाळल्यावर पाणी स्वच्छ दिसते, एवढेच. म्हणून पाण्यात काय आहे हे आधी कळले पाहिजे, मगच उपाय ठरवता येतो.

दादी आजही पहाटे पहिला पेला उजेडासमोर धरतात. पण आता त्या तो पीत नाहीत, मोरीत ओततात. पहिली धार जाऊ देतात आणि मग हंडा भरतात. महिन्यातून एकदा आरोग्यसेवक पेटी घेऊन येतात, तेव्हा दादीच सर्वांत आधी दारात उभ्या असतात. काचेच्या नळीत पिवळा रंग आला की त्या म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह! आता भरा पाणी."

शब्दार्थ

हकिकत – घडलेली खरी गोष्ट.
पटकी – हैजा, कॉलरा.
दगावणे – मरण पावणे.
छडा लावणे – शोधून काढणे.
जलवाहिनी – पाणी वाहून नेणारी मोठी नळी.
मानक – ठरवून दिलेले माप.
क्षार – पाण्यात विरघळलेली खनिजे.
विषमज्वर – टायफॉइड.
चिळकांडी – पाण्याची बारीक, जोराची धार.
झिरपणे – हळूहळू आत मुरणे.
बजावून सांगणे – पुन्हा पुन्हा निक्षून सांगणे.

स्वाध्याय

प्र. 1. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादी पहिला पेला उजेडासमोर का धरत असत?
(आ) सरांनी फळ्यावर कशाचा नकाशा काढला?
(इ) विहार तलाव कोणत्या साली पूर्ण झाला?
(ई) पाण्यात ई. कोलाय जंतू सापडले, तर काय समजावे?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) लंडनमधील आश्रयगृहात फार थोडी माणसे दगावली.
(आ) समोरच्या इमारतीतील दोन मुलांनाही कावीळ झाली.
(इ) आमच्या इमारतीतील पाण्यात पिवळा रंग आला नाही.
(ई) नळी बदलल्यानंतरही एक रुग्ण आढळला.

प्र. 3. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शुद्धीकरण केंद्रात पाण्यावर कोणकोणत्या क्रिया करतात?
(आ) रिकाम्या नळीत सांडपाणी कसे शिरते?
(इ) अब्बांनी सर्वांसमोर आपली चूक कबूल केली. त्याचा काय परिणाम झाला?

प्र. 4. 'स्वच्छ पाणी डोळ्यांना दिसते. शुद्ध पाणी डोळ्यांना दिसत नाही.' या वाक्यांचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

प्र. 5. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. दोन्ही भाषांत अर्थ सारखाच आहे का, ते शिक्षकांना विचारा.
नमुना, तक्रार, अर्ज, जमीन, खर्च, शहर

प्र. 6. तुमच्या गल्लीतील नळी गटारातून गेली आहे, असे समजून पाणी खात्याला अर्ज लिहा. ठिकाण, तारीख आणि तुम्ही स्वतः पाहिलेल्या गोष्टी अर्जात स्पष्ट लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी येणारे पाणी कोणत्या तलावातून, नदीतून किंवा विहिरीतून येते, याची माहिती मिळवा. घरापर्यंतचा त्याचा मार्ग वहीत काढा.